साधारण असण्याचा हक्क

नऊ वर्षांच्या एका मुलासाठी आम्ही फुटबॉलचा क्लब शोधत होतो. गोष्ट एवढीच. पण ती करताना मनात जे प्रश्न उभे राहिले ते फुटबॉलपुरते राहिले नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही दोघे नवरा-बायको बर्मिंगहॅमला राहतो. वडील रत्नागिरी जिल्ह्यातले, बोटीवर खलाशी होते. त्या पिढीतल्या काही कोकणी मुसलमानांची घरे इंग्लंडात उतरली ती इथलीच झाली. घरात अजून कोकणी बोलतो, मराठी वाचतो. मुलगा मात्र अफगाण. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले तेव्हा ब्रिटनने विमानांनी सुमारे १५ हजार माणसे बाहेर काढली. त्यांत हे कुटुंब होते. आई, बाप, हा मुलगा आणि त्याच्या दोन धाकट्या बहिणी. सरकारने त्यांना तात्पुरते म्हणून हॉटेलात ठेवले. २०२३ चा वसंत आला तरी ते 'तात्पुरते' संपले नव्हते. एका खोलीत निजणे, एका खोलीत शाळेचा अभ्यास, जेवण हॉटेलवाला देईल ते आणि देईल तेव्हा.

मशिदीतल्या ओळखीने आमचे जाणे-येणे सुरू झाले. बाप पेशावरच्या छावणीत वाढलेला, त्यामुळे उर्दू चांगले. तो आम्हाला भाईजान, भाभी म्हणे. मुलगा काका म्हणे. आम्हाला वाटले, आमच्याकडूनच शिकला. पुढे कळले की त्यांच्या फारसीतही चुलत्याला काकाच म्हणतात.

अफगाण मूल म्हणजे क्रिकेट, असे आम्ही धरून चाललो होतो. त्यांचे क्रिकेट पाकिस्तानातल्या निर्वासित छावण्यांतच रुजले, हे ठाऊक होते. म्हणून बॅट आणि टेनिसचा चेंडू घेऊन गेलो. मुलाने अदबीने आभार मानले, बॅट पलंगाखाली सरकवली आणि खाली मोटारी लावायच्या जागेत जाऊन रिकामी बाटली लाथाडू लागला. आम्ही बापाकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "भाईजान, त्याला फुटबॉल आवडतो. तुम्ही विचारलंच नाहीत."

हा पहिला धडा होता. मदत करायला निघालेला माणूस बहुधा न विचारताच निघतो.

मग विचारले. कसा क्लब हवा? बाप बराच वेळ गप्प राहिला. त्याने जे सांगितले ते जवळजवळ त्याच्याच शब्दांत देतो. मुलाला मोठा खेळाडू करायचे नाही. त्याच्यात तसे काही दिसतही नाही. पण दोन वर्षे त्याला सगळे जण काही ना काही विचारत आहेत. कुठून आलास, कसा आलास, तिथे काय पाहिलेस, रात्री झोप लागते का. जिथे त्याला कोणी काही विचारणार नाही, जिथे तो नुसता पळेल, अशी जागा बघा.

आम्ही मराठी माणसे याला एका शब्दात 'निवांत' म्हणू. निवांत क्लब. शोध सुरू झाला.

पहिल्या क्लबात माणसे भली होती. चूक आमची झाली. आम्ही प्रशिक्षकाला बाजूला घेऊन सारी हकीकत सांगितली. हेतू चांगला, की त्याने मुलाला सांभाळून घ्यावे. तोही चांगला माणूस. त्याने सगळ्या मुलांना गोल उभे केले आणि सांगितले, हा आपला नवा मित्र, फार मोठ्या संकटातून आला आहे, त्याचे जोरात स्वागत करा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खेळ सुरू झाला तेव्हा कोणी त्याच्याकडून चेंडू हिसकावेना. तो चेंडू घेऊन सरळ गोलापर्यंत गेला, गोलकीपरने वाट मोकळी केली, गोल झाला, पुन्हा टाळ्या. पुढच्या शनिवारी तो यायला तयार होईना. कारण विचारले तर म्हणाला, "ते खेळत नव्हते, काका."

आपल्याकडे मुलांच्या खेळात एक 'कच्चा लिंबू' असतो. वयाने लहान, खेळायला हट्ट धरून आलेला. त्याला खेळात घेतात, पण त्याचा आऊट धरत नाहीत. ताईच्या मागे मागे तो पळतो आणि आपणही खेळतो आहोत या आनंदात असतो. पण ज्या दिवशी त्याला कळते की आपण कच्चा लिंबू आहोत, त्या दिवशी तो रडतो. आम्ही त्या अफगाण मुलाला कच्चा लिंबू केले होते, आणि त्याला ते पहिल्याच दिवशी कळले.

दुसरा क्लब वेगळ्या तऱ्हेचा. हिरवेगार मैदान, सगळ्यांना सारखे कपडे, वर्षाची मोठी वर्गणी. तिथे निवड चाचणी होती. मुलगा धावला, पडला, उठला. अर्ध्या तासाने सांगितले गेले की अजून सुधारणा हवी, पुढच्या हंगामात या. शिवाय वयाचा प्रश्न निघाला. मूल दहा वर्षांचे झाले आणि परदेशातून आलेले असले, की संघाच्या अधिकृत नोंदणीसाठी आंतरराष्ट्रीय मंजुरी लागते. फिफाचा हा नियम मूळचा चांगल्या हेतूचा आहे. गरीब देशांतली पोरे खेळाच्या आमिषाने पळवून आणण्याच्या धंद्याला आळा बसावा म्हणून तो आहे, आणि निर्वासितांसाठी त्यात वाटही ठेवलेली आहे. पण त्या वाटेने जायचे तर आई-बाप कोण, कधी आले, का आले, याचे कागद पुन्हा काढायचे. ज्याने जीव वाचवायला देश सोडला, त्याच्या मुलाने आपण फुटबॉलसाठी देश सोडलेला नाही, हे सिद्ध करायचे! आमच्या मुलाला दहा पुरे व्हायला काही महिने उरले होते.

त्या संध्याकाळी घरी येताना आम्हाला पहिल्यांदा जाणवले की दोन्ही क्लबांत एकच गोष्ट घडली होती. एका ठिकाणी दुःखाच्या जोरावर प्रवेश मिळत होता, दुसऱ्या ठिकाणी गुणांच्या जोरावर. नुसते मूल म्हणून प्रवेश कुठेच नव्हता.

हा प्रश्न एका मुलापुरता नाही. निर्वासितांची बाजू घ्यायची झाली की आपण सगळे, अगदी सज्जनसुद्धा, काय करतो? यशस्वी निर्वासितांची नावे सांगतो. अल्फान्सो डेव्हिस पाहा, २००० साली घानातल्या छावणीत लायबेरियन आई-बापांच्या पोटी जन्मला, कॅनडात वाढला, बायर्न म्युनिककडून खेळला. लुका मॉड्रिच पाहा, युद्धात आजोबा मारले गेले, बालपण निर्वासित म्हणून हॉटेलात गेले, आणि २०१८ मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. या कहाण्या खऱ्या आहेत आणि सुंदर आहेत. पण त्यांतून एक छुपी अट तयार होते. यांना आत घ्या, कारण यांच्यात एखादा डेव्हिस असेल. मग ज्यांच्यात नाही त्यांचे काय?

इंग्लंडच्याच इतिहासातले उदाहरण घ्या. स्पेनमधल्या यादवी युद्धात, गेर्निकावर बॉम्ब पडल्यानंतर, मे १९३७ मध्ये 'हबाना' नावाच्या बोटीतून जवळजवळ ४ हजार बास्क मुले साउदॅम्प्टनला उतरली. आई-बाप मागेच राहिले होते. सरकारने त्यांच्या पोटापाण्याला पैसा द्यायचे नाकारले. दर मुलामागे आठवड्याला १० शिलिंगांची हमी स्वयंसेवकांनी घेतली, आणि देशभर वस्त्यांतून ती मुले वाटली गेली. त्यांतला एमिलियो अल्देकोआ पुढे आमच्या शेजारच्या कॉव्हेंट्रीकडून खेळला. सॅबिनो बारिनागा मायदेशी परतला आणि १९४७ मध्ये रेआल माद्रिदच्या नव्या स्टेडियममधला पहिला गोल त्याने केला. २०१७ मध्ये अॅम्नेस्टीच्या ब्रिटिश शाखेने फुटबॉल क्लबांनी निर्वासितांचे स्वागत करावे म्हणून मोहीम सुरू केली, तेव्हा या बास्क मुलांच्या आगमनाला ८० वर्षे होत असल्याची आठवण त्यामागे होती. पण हिशेब करून पाहा. ४ हजारांतून नामांकित खेळाडू निघाले ते बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी चेंडू लाथाडला, गुडघे फोडून घेतले, मोठे होऊन कोणी सुतार झाले असतील, कोणी शिक्षक. त्यांच्या डोक्यावरचे १० शिलिंग वाया गेले असे कोणी म्हणेल काय?

आणि गुण तरी कुठे तारतात? काबूलच्या विमानतळावरून उडालेल्या विमानाला लटकून जे खाली पडले, त्यांत राष्ट्रीय युवा संघातून खेळलेला एक कोवळा फुटबॉलपटू होता. उत्तम खेळणे हा पासपोर्ट असता, तर तो आज जिवंत असता.

वाचकहो, ही अट आपल्याला अनोळखी आहे का? महाराष्ट्रात, हिंदुस्थानात, कोणी आपल्या निष्ठेवर बोट ठेवले की आपण काय करतो? यादी काढतो. कलामसाहेब, बिस्मिल्ला खाँसाहेब, परमवीर अब्दुल हमीद, श्रीरामपूरचा झहीर खान. यादीतले प्रत्येक नाव अभिमानाचे आहे. पण यादी काढावी लागते यातच आपण काहीतरी कबूल करून बसतो. जणू भिवंडीत माग चालवणारा, मालेगावात साडी विणणारा, दाभोळच्या धक्क्यावर मासळी विकणारी, यांनी कुणा कलामांच्या जामिनावर इथे राहायचे आहे. ज्याच्या हातून काही थोर घडले नाही, जो पहाटे उठतो, कामावर जातो, पोरांना रागावतो आणि झोपतो, त्याचा हक्क कमी कसा? माणसाला साधारण असण्याची मुभा आहे की नाही, हीच आपुलकीची खरी कसोटी आहे. घरातल्या मुलाला आपण ती मुभा देतो. तो नापास झाला तरी रात्री त्याचे ताट वाढलेलेच असते. पाहुण्याला ती मिळते तेव्हा तो पाहुणा राहत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आमच्याच मित्रांनी तो घेतला. ते म्हणाले, तुम्ही मुलाला ढिले करता आहात. ज्याचे सारे जग कोसळले त्याला शिस्त हवी, जिंकण्याची ओढ हवी. त्यांनी अमेरिकेतल्या क्लार्कस्टनचा दाखला दिला. जॉर्जिया राज्यातल्या त्या गावात लुमा मुफलेह या जॉर्डनहून आलेल्या बाईंनी २००४ मध्ये निर्वासित मुलांचा 'फ्युजीज' हा संघ उभा केला. नियम कडक, मुलांकडून लेखी करार, सरावाआधी अभ्यास सक्तीचा. गावाच्या मेयरने २००६ मध्ये बागेत फुटबॉलला बंदी केली, तरी संघ मोडला नाही. मुले घडली.

आक्षेपात तथ्य आहे. पण तिथली शिस्त बारकाईने पाहिली तर ध्यानात येते की त्या बाई मुलांच्या अभ्यासाची काळजी वाहत होत्या, त्यांच्या घरच्या अडचणी जाणत होत्या. मुलांचे जे आयुष्य मैदानाबाहेर होते, तेही त्यांनी आपले मानले होते. शिस्त आणि परीक्षा यांत फरक आहे. शिस्त सांगते, तू आमचा आहेस, म्हणून वेळेवर ये. परीक्षा सांगते, वेळेवर ये, मग तू आमचा की नाही ते ठरवू. नऊ वर्षांच्या मुलाला पहिली चालते. दुसरी त्याने विमानतळावर दिलेली आहे.

'निवांत' या शब्दाचा दुसरा एक गैरसमजही आम्हाला वाटेत दूर करावा लागला. निवांत म्हणजे गाफील नव्हे. मूल ही अमानत आहे. प्रशिक्षकाची पोलिसांकडची नोंद तपासली आहे का, मुलांच्या सुरक्षिततेसाठी क्लबाने माणूस नेमला आहे का (इंग्लंडात अधिकृत बालसंघांना तो नेमावा लागतो), खेळ संपल्यावर मुलाला कोणाच्या हाती सोपवायचे हे लिहून घेतात का, हे प्रश्न आम्ही सगळीकडे विचारले. चांगला क्लब मोठ्यांच्या बाबतीत कडक असतो आणि मुलांच्या बाबतीत सैल. पुष्कळ ठिकाणी उलटे असते. इथल्या फुटबॉल असोसिएशनलाही हे कळले असावे. लहान वयोगटांत सामन्यांचे निकाल आणि गुणतक्ते प्रसिद्ध करायचे नाहीत असा तिचा नियम आहे, आणि कडेला उभ्या आई-बापांनी ओरडू नये म्हणून अधूनमधून 'मूक' शनिवार-रविवारही पाळले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ३१ वे कलम खेळाच्या हक्काचे आहे. ब्रिटनने आणि पुढे भारतानेही तो करार मान्य केला. त्या कलमात चांगले खेळण्याची अट कुठे नाही.

तिसरी जागा आम्हाला अपघाताने सापडली. आठवड्याचा बाजार करून बागेतून येत होतो. एक म्हातारा गृहस्थ, पूर्वी बस चालवायचा, चार प्लास्टिकचे शंकू मांडून पोरांना खेळवत होता. ना संघाचे नाव, ना स्पर्धा, त्यामुळे त्या मंजुरीची भानगडही नाही. पण नगरपालिकेची परवानगी, तपासणीचे कागद, प्रथमोपचाराची पेटी, सगळे जागच्या जागी. या वेळी आम्ही हकीकत सांगितली नाही. त्याने चारच गोष्टी विचारल्या. नाव काय, वय काय, दम्याचा त्रास आहे का, न्यायला कोण येणार. आणि म्हणाला, तिकडे एक जण कमी आहे, जाऊ द्या त्याला.

हकीकत न सांगणे बरोबर होते का, हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस छळत होता. एखाद्या दिवशी आकाशातून हेलिकॉप्टर गेले आणि मूल भेदरले तर? शेवटी आम्ही मुलाच्या बापालाच विचारले. तो म्हणाला, आजाराची गोष्ट सांगावी, ती त्याच्या देहाची आहे. युद्धाची गोष्ट त्याची स्वतःची आहे. सांगायची तेव्हा तो सांगेल.

सहाव्या की सातव्या शनिवारी पाऊस पडत होता. आमचा मुलगा गोलात उभा होता. सरळ येणारा चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून गेला. लगेच त्याच्याच बाजूचा एक लालकेस्या पोरगा कमरेवर हात ठेवून ओरडला, "झोपलास काय रे!" आम्ही दोघे कडेला दचकलो. बायको पुढे व्हायला निघाली. तेवढ्यात आमच्या मुलाने हातवारे करत, अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या फारसीत, त्याला उलट सुनावले की तू मागे यायला हवे होतेस, चूक तुझी. दोघे भांडले. म्हाताऱ्याने शिट्टी वाजवली, खेळ पुढे सुरू झाला. घरी जाताना मुलगा चिखलाने माखलेला होता आणि गाणे गुणगुणत होता.

पहिल्या क्लबातल्या त्या सगळ्या टाळ्यांनी जे झाले नव्हते ते त्या एका ओरडण्याने झाले. त्याचा आऊट धरला गेला होता.

मदिनेतल्या सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मक्केहून आलेल्या एकेका मुहाजिराचा भाईचारा पैगंबरांनी (स.) मदिनेच्या एकेका अन्सारशी जोडून दिला. हजरत साद बिन रबी (रजि.) आपल्या नव्या भावाला निम्मी मालमत्ता द्यायला निघाले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी त्यांना दुआ दिली आणि एवढेच विचारले की बाजार कुठे आहे. मग त्या बाजारात जाऊन तूप आणि सुके दही विकून ते उभे राहिले. वाझांतून हा प्रसंग सांगताना आपण देणाऱ्याच्या औदार्याबद्दल बोलतो. घेणाऱ्याच्या प्रश्नाकडे आमचे लक्ष त्या वर्षी गेले. त्यांना दान नको होते, वाट हवी होती. बाजारात कोणी मुहाजिर म्हणून तूप घेत नाही. तूप चांगले असेल तर घेतात, भाव जास्त असेल तर घासाघीस करतात. तो बरोबरीचा व्यवहार असतो. मुलांचा बाजार म्हणजे मैदान. आपले काम मैदान कुठे आहे ते दाखवण्याचे, आणि मैदान नसेल तर ते करण्याचे.

मैदान नसण्याची गोष्ट आपल्याकडेही नवी नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठून मुंब्र्याला गेलेल्या घरांची संख्या मोठी. त्या दाटीत 'परचम' या संस्थेने २०१२ च्या सुमारास मुलींना फुटबॉल खेळायला बाहेर काढले आणि मुलींसाठी मैदान मिळावे म्हणून सह्या गोळा केल्या. त्या मुलींतल्या किती जणी नामांकित झाल्या, असा प्रश्न मनात आला तर तो तिथेच थांबवावा. मोकळ्या जागेत त्या पळाल्या, एवढे पुरे आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात सरकारने अफगाण कुटुंबांची हॉटेले रिकामी करायला काढली. आमच्या कुटुंबाला उत्तरेकडच्या एका गावात घर मिळाले. घर मिळाले याचा आनंद, आणि शाळा, शेजार, शनिवार सुटल्याचे दुःख. शेवटच्या शनिवारी म्हाताऱ्याने निरोपाचे भाषण केले नाही. तो मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, पुढच्या आठवड्यात गोलात कोणाला उभे करू आता? मुलाने लालकेस्या पोराकडे बोट दाखवले.

आम्ही त्या नव्या गावातल्या क्लबांची यादी करायला घेतली होती. ती पुरी व्हायच्या आत बापाचाच फोन आला. घराजवळ मैदान आहे, त्याने स्वतः जाऊन चौकशी केली होती. निवड चाचणी नाही. मुलाला कोण न्यायला येणार ते लिहून घेतात. कुठून आलात, असे कोणी विचारले नाही. आमची यादी आम्ही फाडून टाकली.

मग मुलगा फोनवर आला. आम्ही विचारले, काय रे, कसा खेळतोस तिथे?

"मी फार चांगला नाही, काका," तो म्हणाला, आणि घाईत होता म्हणून फोन ठेवून दिला.